आठचा भोंगा

“भोंगा वाजला न्हाई म्हणून गोळी खाल्ली न्हाई? भोंगा काय तुझा बाप हाय का रं?”

बाळाक्का हे ओरडत होती तेव्हा तिच्या मुठीत सहा फूट दोन इंच उंचीच्या, बावीस वर्षं सैन्यात काढलेल्या माणसाची गचांडी होती. तो माणूस आमच्या व्हरांड्यातल्या खांबाला टेकला होता असं म्हणणं म्हणजे खांबावर अन्याय आहे. तो खांबात निम्मा घुसला होता आणि वरून गिलावा पडत होता. मी औषधाच्या खिडकीआड होतो. खिडकीला काच, काचेला अर्धगोल भोक. त्यातून माझं फक्त डोकं बाहेर निघालं असतं, आणि नुसतं डोकं घेऊन कुणाच्या मदतीला जायची आमच्या घराण्यात रीत नाही.

“आक्का, शर्ट फाटतोय,” तो माणूस म्हणाला.

“शर्टाला शिंपी हाय. तुला कोण हाय?”

तेव्हा त्यानं हात उचलला आणि तिच्या कानाखाली ठेवून दिली. आवाज असा झाला की बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. बाळाक्का हलली नाही. तिनं गचांडी हिसका देऊन खाली ओढली, त्याचं तोंड आपल्या उंचीला आणलं आणि कपाळ त्याच्या नाकावर घातलं. रक्ताची चिळकांडी माझ्या काचेपर्यंत आली. आमचा शिपाई म्हणतो, ती पानाची पिचकारी होती आणि आधीपासून होती. शिपायाला माझ्या कुठल्याच गोष्टीत काही घडू द्यायचं नसतं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. नर्सबाईंनी हातमोजे चढवून दोघांना एकाच बाकावर बसवलं, एकाच्या नाकात कापूस, दुसरीच्या कपाळाला पट्टी.

“बाळाक्का,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या कामाच्या कागदावर काय लिहिलंय? रुग्णाला समजावून सांगणे.”

“समजावलं की बाई.” मग शेजारी वळून, “समजलं का न्हाई रं?”

“समजलं,” तो नाकातून म्हणाला.

आमचं केंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाच्या तीन खोल्या. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कराडहून तासाभराच्या वाटेवर. दारावर नुसता खोलीचा आकडा. आत एचआयव्हीची औषधं मिळतात. फुकट मिळतात, चांगली मिळतात, आणि रोज ठरल्या वेळी घेतली तर माणूस नातवंडांची लग्नं लावतो, नातसुनांशी भांडतो आणि मग म्हातारा होऊन मरतो. घ्यायची मात्र रोज, आयुष्यभर, एकही दिवस न चुकवता. सोपं वाटतं? तुम्ही दात तरी रोज घासता का ते मनाशी खरं सांगा.

बाळाक्का इथं मदतनीस होती. स्वतःही गेली कैक वर्षं त्याच गोळ्यांवर. कोण औषधाला आलं नाही, का आलं नाही, हे शोधून त्याला परत आणायचं हे तिचं काम. ती जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या गावची. साधी रागावली की मराठीत शिव्या, जास्त रागावली की कानडीत, आणि त्याच्याही पुढं गेली की भाषाच लागायची नाही, नुसता वारा लागायचा. उंचीनं पाच फूट असेल नसेल. पण मला ती आठवते तेव्हा त्या खांबाएवढीच आठवते. मला ती ‘गोळीमास्तर’ म्हणायची. माझ्या हातून डबा घेताना प्रत्येक वेळी झाकण उघडून आत बघायची. सरकारवर तिचा विश्वास होता, माझ्यावर नव्हता.

आता एक गंमत सांगतो, ती आमच्या दोन जिल्ह्यांतच घडू शकते. साताऱ्याकडचे लोक औषधाला सांगलीकडं येतात आणि सांगलीकडचे साताऱ्याकडं जातात. ओळखीचं कुणी भेटू नये, एवढ्यासाठी. मग दोन्हीकडच्या गाड्या कराडच्या स्टँडवर थांबतात आणि दोन्हीकडची माणसं चहाला एकाच टपरीवर उतरतात. एकदा तिथं दोन सख्खे साडू समोरासमोर आले. एक म्हणाला, तासगावला द्राक्षाच्या काड्या बघायला चाललोय. दुसरा म्हणाला, साताऱ्याला पेढे आणायला. एवढ्यात एकाच्या पिशवीत गोळ्यांचा डबा खुळखुळला. दुसऱ्यानं दचकून पिशवी छातीशी धरली, तर तीही खुळखुळली. दोघांचे चेहरे शाडूसारखे पांढरे पडले.

बाळाक्का त्याच टपरीवर उभी होती. दोघेही तिच्या ओळखीचे. तिनं हातातला ऊन ऊन चहा टपरीवाल्याच्या सदऱ्यावर फेकला आणि “ह्यात साखर घातलीस का तुझ्या सासूची राख?” म्हणून असं काही भांडण काढलं की अख्खा स्टँड तिकडं वळला. कंडक्टर घंटी मारायचे विसरले. त्या गोंधळात साडू दोन दिशांना पसार झाले. पुढच्या महिन्यात त्याच टपरीमागं गाठून दोघांच्याही डब्यात तिनं स्वतःच्या हातानं कापूस कोंबला, गच्च. आज आमच्या केंद्रातला एकही डबा वाजत नाही.

टपरीवाल्याला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं.

गोळ्या न घेण्याची कारणं माणूस कुठून काढतो, त्याचं मला तेव्हा नवल वाटायचं. उपवासाला गोळी चालत नाही. साबुदाणा चालतो, शेंगदाणा चालतो, गोळीनं मात्र उपवास बाटतो. दारू आणि गोळी एका दिवशी पोटात गेली तर माणूस फुटतो, अशीही एक समजूत. त्यामुळं लोक दारूच्या दिवशी गोळी सोडायचे. एका दिवसापुरती तरी गोळीसाठी दारू सोडलेला माणूस मी अजून बघायचाय. बाळाक्का सांगायची, “फुटलास तर मी शिवती तुला दाभणानं. खा.”

महिन्याच्या शेवटी उरलेल्या गोळ्या मोजायला आणायच्या असतात. ज्यानं चुकवल्या तो येताना वाटेत जास्तीच्या विहिरीत टाकतो आणि आकडा बरोबर जुळवून आणतो. हे बाळाक्काला पक्कं ठाऊक. खरं घेणाऱ्या माणसाची एखादी गोळी पडते, एखादी पोर उचलतं, एखादी चुकून दोनदा खाल्ली जाते. ज्याचा आकडा अगदी तंतोतंत, त्याच्या ती आधी पाठीत गुद्दा घालायची आणि मग विचारायची, “कुठली विहीर?”

माणसं खरी विहीर सांगायची.

तिचा डावा हात कोपरात वाकडा होता. सरळ व्हायचाच नाही. त्यामुळं तिची थप्पड कुठल्या दिशेनं येईल याचा अंदाज जन्मात कुणाला आला नाही. आणि त्या कोपराच्या बेचक्यात एकदा मनगट सापडलं की ते सोडवायला माणसाला स्वतःचा पुढचा जन्म दिसायचा. हात कसा वाकडा झाला ते तिनं एकदाच सांगितलं, भाकरी खाता खाता, चटणी वाढून घ्यावी तसं.

नवरा गेला. तपासणीत हिचंही निघालं. घरात तिची ताटली वेगळी झाली, मग तांब्या वेगळा, मग अंथरूण मेंढरांच्या वाड्यात. ती तिथं झोपली. मग एके सकाळी दिरानं तिच्या गोळ्यांचा डबा चुलीत टाकला. ती चुलीवर पडली आणि जाळात हात घालून डबा बाहेर काढला. दिरानं त्या हातावर मेंढरं हाकायची काठी घातली. एकदा नाही, हात डबा सोडेपर्यंत.

“सोडला?” मी विचारलं.

“हाडच मोडलं तर काय करती? दुसऱ्या हातात घेतला.”

महिनाभर ती वाड्यात होती. हाड गावच्या वैद्यानं बसवलं ते वाकडंच बसलं. घड्याळ नव्हतं. पण त्या दुष्काळी गावात रोज सकाळी पाण्याचा टँकर यायचा आणि वेशीपासून हॉर्न वाजवत यायचा. घागरी घेऊन सगळा गाव पळायचा, आणि ही वाड्यात बसून एक गोळी गिळायची. हात बरा झाला त्या दिवशी टँकर आला. ती उठली, रांगेतली एक भरली पितळी घागर उचलली, दिराच्या डोक्यात घातली आणि टँकरवाल्याच्या शेजारी जाऊन बसली ती थेट जतला उतरली.

“घागरीला पोचा आला,” ती म्हणाली. “सासूच्या माहेरची व्हती. तेवढं वाईट वाटलं.”

तिथून तिची रीत पडली. प्रत्येकाला ती एक आवाज लावून द्यायची. कुणाला शाळेची घंटा, कुणाला दूध गोळा करणाऱ्या गाडीचा हॉर्न. एका बाईला शेजारच्या सासू-सुनेचं भांडण दिलं होतं, आणि ते कधी चुकलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, अहो मोबाइलला गजर लावा की. बाळाक्का म्हणायची, “गजर माणूस बंद करतो बाई. गावाचा आवाज कुणाच्यानं बंद हुईत न्हाई.”

आता त्या खांबातल्या माणसाकडं येतो. त्याला सगळे मेजर म्हणायचे. होता हवालदार, पण आमच्याकडं सैन्यातून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो, आणि मी कोण त्याची बढती काढून घेणारा? कराडच्या खालच्या अंगाला ऊसवाला, चार भावकीत मानाचं घर. बायकोला सगळं ठाऊक होतं, ती निरोगी निघाली होती. थोरला भाऊ तात्या, घराचा कारभारी, त्याला काही ठाऊक नव्हतं. मेजरच्या थोरल्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालू होती. कळलं तर सोयरीक मोडणार, एवढंच नव्हे, पाठच्या दोघींचीही पुढं जुळायची नाही. आणि मेजरची पहिली औषधं त्याच्या चुकवाचुकवीनं आधीच निकामी झाली होती. आता दुसरी चालू होती, तीन गोळ्या एकदम, सकाळी, खाण्याबरोबर. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, “मेजर, ह्याही वाया घालवल्या तर पुढं माझ्या हातात फारसं काही उरत नाही.”

तो आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्याच्या रानातून साखर कारखान्याची चिमणी दिसायची आणि सकाळी आठचा भोंगा गोठ्यात उभ्या जनावरांच्या पोटात घुमायचा. बाळाक्कानं त्याला तोच लावून दिला. आणि काय सांगू, पाच महिने असा रुग्ण आमच्या खिडकीनं बघितला नव्हता. भोंगा वाजला की मेजर गोठ्यात टाचा जुळवून सावधान उभा राहायचा आणि तीन गोळ्या तोंडात टाकायचा. म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या, असं तो स्वतः सांगायचा. हे मी वाढवलेलं नाही.

पण बाळाक्का ज्वारीच्या मुलखातली. ऊस तिनं रसाच्या गाड्यावर तेवढा बघितलेला. कारखाना म्हणजे बारमाही चालणारी गोष्ट, असा तिचा समज. उन्हाळ्याच्या तोंडाला ऊस संपला, गळीत हंगाम आटोपला, आमच्याकडं म्हणतात तसा पट्टा पडला. चिमणीचा धूर थांबला, भोंगा थांबला, आणि दुसऱ्या दिवसापासून मेजर थांबला. दोन महिने तो गोळ्या गोबरगॅसच्या टाकीत टाकत होता आणि आमच्याकडं तंतोतंत आकडा आणत होता. सैन्यातला माणूस, त्याचा आकडा पहिल्यापासून तसाच असायचा, म्हणून बाळाक्कालाही शंका आली नाही. रक्ताच्या तपासणीत विषाणू परत वर आला, तेव्हा सगळं उघडं पडलं. व्हरांड्यात जे झालं ते त्या दिवशीचं.

नाकात कापूस घालून बाकावर बसला असताना मेजर एक वाक्य बोलला. मी खिडकीतून ऐकलं, आणि त्यात माझी एक अक्षराचीही भर नाही.

“आक्का, भोंगा वाजला की ती ड्यूटी असती. भोंगा न्हाई, तर ते माझं दुखणं असतं. ड्यूटी मी मरंस्तवर करीन. दुखण्याकडं मला बघवत न्हाई.”

बाळाक्का गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी दोनदाच बघितलं, त्यातली ही पहिली वेळ. वाकडा हात मांडीवर ठेवून ती बराच वेळ त्या खांबाकडं बघत बसली. आवाज तिनं निवडला होता. तो बंद पडतो हे तिला ठाऊक नव्हतं. मग उठली.

“उद्यापासनं मी वाजती,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मेजरचा फोन वाजला आणि त्यातून बाळाक्का “भोंऽऽऽ” अशी ओरडली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हिला काहीतरी झालं. रोज आठ वाजता केंद्राच्या पायरीवर उभी राहून, एका कानात बोट घालून ती भोंगा वाजवायची. झाडावरचे कावळे उठायचे. पलीकडच्या प्रसूतीच्या खोलीत म्हणे एक बाळंतपण अर्धा तास आधी उरकलं. मग ती फोनला कान लावून गिळण्याचा आवाज ऐकायची. “पाण्याचा न्हाई, गोळीचा ऐकीव!” म्हणून दरडावायची. तिला तो फरक कळायचा.

अडचण दुसरीकडून आली. त्या गोळ्यांनी काही जणांचे डोळे पिवळे दिसतात. त्यात धोका नसतो, पण गावाला डोळे असतात. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी कावीळ म्हणून पाल्याचे रस आणून दिले. मेजरनं एक काळा गॉगल घेतला आणि तो गोठ्यातही घालायला लागला. आता बघा: पन्नाशीचा गडी, डोळ्यांवर गॉगल, रोज आठला फोन, फोनमध्ये बाईचा आवाज, आणि फोन घ्यायला हा कडब्याच्या गंजीमागं जातो. गावानं हिशेब केला आणि एकमतानं ठरवलं की मेजरनं बाई ठेवलीय.

मेजरनं नाकारलं नाही. बायकोनंही नाकारलं नाही. बाई ठेवली म्हणून सोयरीक मोडत नाही आमच्याकडं, उलट व्याही जरा जपून बोलतो. ज्या गोष्टीनं मोडली असती ती त्या अफवेच्या आड सुखरूप झाकली होती. पारूवहिनी, म्हणजे मेजरची बायको, विहिरीवर बायकांची टोमणेबाजी ऐकायची आणि पदर तोंडाला लावायची. बायकांना वाटायचं रडतीय.

पण तात्याला ते मानवलं नाही. त्यानं एका सकाळी गंजीमागं जाऊन मेजरच्या हातातला फोन हिसकला, पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं ठेचला. भोंगा अर्ध्यात तुटला. इकडं पायरीवर बाळाक्का नुसत्या फोनकडं बघत राहिली.

आता माझा या गोष्टीत जो एक वीतभर भाग आहे तो सांगून टाकतो. मी राहायला कराडला लागूनच्या मलकापूरला. रोज सकाळी हायवेच्या पुलाखाली उभा राहून बस पकडायची हा माझा उद्योग. फोन फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन तिथं आलो तर पुलाच्या खांबाला टेकून बाळाक्का उभी. पहाटेच्या गाडीनं उलट्या दिशेनं येऊन थांबलेली, हातात दोन केळी. आठला पाच कमी असताना मेजर मोटारसायकलवरून दुधाच्या किटल्या घेऊन आला. डेअरीत घालायला तो रोज आठच्या फोननंतर इकडूनच जायचा, आता फोनच नव्हता म्हणून आधी निघाला होता. उतरला. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं, आणि आम्ही एकमेकांना आयुष्यात कधीच बघितलं नव्हतं. आमच्या कामातला तो शिष्टाचार आहे. बाळाक्का गालातल्या गालात “भों” म्हणाली. त्यानं खिशातल्या तीन गोळ्या घेतल्या, केळं खाल्लं, गेला.

असं रोज. आठवडे गेले. ती कामावर माझ्याच बसनं परत यायची आणि वाटेत एक शब्द बोलायची नाही, घोरायची. कंडक्टर म्हणायचा, इंजिनात काहीतरी वाजतंय.

मग तो दिवस आला.

आठला दोन कमी होते. मेजरच्या उजव्या तळव्यावर तीन गोळ्या, डाव्या हातात सोललेलं केळं. जीप आली आणि कर्रकन थांबली. तात्या उतरला, मागून भावकीतले दोघं. रिक्षावाले, भाजीवाल्या, कॉलेजला निघालेली पोरं, सगळ्यांनी मान वळवली. मी रिक्षामागं गेलो. डबा सांडू नये म्हणून.

“हीच का रं ती?” तात्या म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बाळाक्काच्या तोंडात मारली.

दुसरी मारायला हात आला तेव्हा त्याचं मनगट तिच्या वाकड्या कोपरात सापडलं. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता हाडाचा आवाज येणार. आला नाही. उघडून बघतो तर ती तात्याकडं बघतच नव्हती. ती मेजरच्या तळव्याकडं बघत होती. तिनं मनगट सोडलं.

सोडलं! बाळाक्कानं!

तात्यानं केस धरले, पुलाच्या खांबावर डोकं आपटलं. “बोल, कोण हाईस तू ह्याची? ठेवलेली हाईस?”

ती गप्प. ही दुसरी वेळ. तिच्याकडं उत्तर होतं, माझ्याकडं होतं, मेजरकडं होतं. चार शब्दांत ती मोकळी झाली असती, आणि तीन पोरींचं आयुष्य त्या पुलाखाली सांडलं असतं.

“व्हय,” ती म्हणाली. “ठेवलेली हाय. मग?”

भाजीवाल्यांनी ‘शीऽऽ’ केलं. तात्याची नजर फिरली. “आन तुझ्या हातात काय हाय रं? दाव!” म्हणून तो मेजरच्या मुठीकडं वळला. बाळाक्का मध्ये आली. कपाळावरून रक्त वाहत डोळ्यांत उतरत होतं.

“मर्दानगीच्या गोळ्या हायत,” ती अख्ख्या हायवेला ऐकू जाईल अशी ओरडली. “मीच देती. तुला पायजेत का? तोंडाकडं बघून वाटतंय, लय दिवस लागत असतील!”

पुलाखाली जो हशा फुटला तसा मी जन्मात ऐकला नाही. वरून जाणारे ट्रक थांबले असं माझं म्हणणं आहे. भावकीतले दोघंसुद्धा तोंड फिरवून हसले. तात्याला काही दिसेना. त्यानं किटलीचं जाड झाकण उचललं आणि तिच्या जबड्यावर घातलं. कडाक् झालं. ती खाली बसली, उठली, परत त्यानं घातलं, परत बसली. दोन दात माझ्या चपलेपाशी आले. मी रिक्षामागं होतो म्हणून सांगतो, ते रिक्षाखालून आले. मोडक्या जबड्यानं, जमिनीवरून, मेजरकडं बघत ती एवढंच म्हणाली,

“आठ.”

मेजरच्या टाचा जुळल्या. पुलाखाली, शंभर माणसांत, तो सावधान उभा राहिला. तीन गोळ्या तोंडात टाकल्या, केळं चावलं, गिळलं. गॉगलाखालून काय ओघळत होतं ते मी सांगणार नाही.

त्याच्या गळ्याची घाटी खाली गेली, आणि बाळाक्का उठली.

पुढचं मी कितीही वाढवून सांगितलं तरी कमीच पडेल. तात्याच्या हातातलं झाकण कुणाच्या डोक्यात गेलं ते डोक्याला कळलं नाही. वाकड्या हातात मनगट आलं आणि या वेळी आवाज आला. दुधाची भरली किटली त्याच्या अंगावर रिकामी झाली, मग रिकामी किटली त्याच्या अंगावर आली. भावकीतले दोघं जीपमध्ये आधी चढले, किल्ली तात्याच्या खिशात असूनही. “हुच्चा! बा इल्ली!” म्हणजे वेड्या, इकडं ये, अशी कानडीत हाका मारत ती त्या जीपच्या मागं पळाली. आता शिपाई विचारतो, किल्ली तात्याच्या खिशात, मग जीप गेली कशी. घाबरलेली जीप किल्लीशिवाय जाते.

तिच्या जबड्याला तारा बांधल्या. तीन आठवडे ती आमच्याच दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात होती, पेज पीत, हातवारे करून नर्सबाईंना शिव्या देत. तिच्या स्वतःच्या गोळ्या पाण्यात कुटून तिला मी नेऊन द्यायचो. प्रत्येक वेळी ती वाटीत बोट फिरवून बघायची, तळाला काही राहिलंय का.

त्या मारामारीच्या दुसऱ्या दिवशी मी पुलाखाली उभा होतो. मनात म्हणत होतो, आज येत नाही तो. आठला पाच कमी असताना मोटारसायकल आली. मेजर उतरला आणि बाळाक्का टेकायची त्याच खांबाला टेकला. फोन नाही, भोंगा नाही, बाई नाही. खांबावर वाळलेलं रक्त होतं, त्याकडं तो बघत राहिला. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, गॉगल काढून खिशात घातला आणि तीन गोळ्या घेतल्या. टाचा जुळवल्या नाहीत. साधा उभा होता, माणूस औषध घेतो तसा. पुढं मुलीचं लग्न झालं. त्यानंतरच्या तपासणीत त्याच्या रक्तात विषाणू सापडण्याइतका उरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तो कागद मला खिडकीतून दाखवला आणि लगेच तोंड फिरवलं.

बाळाक्काचं नाव मात्र त्या भागात कायमचं फुटलं. तात्यानं हात गळ्यात अडकवून सरकारी दवाखान्याकडं अर्ज केला की तुमची मदतनीस बदफैली आहे. ती कुठल्या खोलीतली ते त्याला ठाऊक नव्हतं, दारावर नुसता आकडा. वरून चौकशी आली. डॉक्टरीणबाईंना खरं सांगता येत नव्हतं, रुग्णाचं नाव फोडायचं नाही हा नियम. बाळाक्काला विचारलं तर तिनं लिहून दिलं, “आरोप कबूल.” आणि खाली अंगठ्याएवढ्या अक्षरात सही. तिला जतकडं पाठवून दिलं.

ती गेली तो दिवस गळीत हंगामाच्या सुरुवातीचा. मी तिची वळकटी घेऊन स्टँडवर आलो. जबडा आता डावीकडं जरा वाकडा बसला होता, हाताला शोभेसा. जतची गाडी लागली. ती खिडकीत बसली आणि मला म्हणाली, गोळीमास्तर, डब्यांत कापूस भरत जा. मी हो म्हणालो. कितीतरी दिवस मनात अडकलेलं होतं ते तेव्हा विचारलं.

“आक्का, तात्याचं मनगट सुरुवातीलाच तुमच्या कोपरात आलं होतं. तेव्हाच का नाही मोडलंत? एवढा मार कशाला खाल्लात?”

गाडी सुरू झाली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“त्याच्या गोळ्या अजून हातातच व्हत्या,” ती म्हणाली.